कोपराच्या आतल्या बाजूला

राजनंदिनीच्या अंगाला हळद सोसत नाही, ही गोष्ट माहेरच्या चार माणसांना ठाऊक होती आणि सासरच्या एकालाही नव्हती. चार माणसं म्हणजे राजनंदिनी स्वतः, तिची आई बयाबाई, मामा नाथाजी आणि मामी शालूबाई. वडील गेल्यापासून मायलेकी रहिमतपूरला मामाकडेच होत्या, त्यामुळे गुपित गावाबाहेर जायचं कारणच नव्हतं. आणि पोरीला स्थळ कुठलं सांगून यावं, तर सांगलीकडचं, हळदीच्या बागायतदाराचं. सहा एकर हळद, अंगणात हळद शिजवायची भली मोठी कढई आणि हरिपूरला जमिनीखालच्या पेवात साठवलेली हळद.

"त्या घरातलं मांजरसुदिक पिवळं असंल," शालूबाई म्हणाली होती.

मुलगा मात्र उमदा होता. शंभूराज नाव. एकुलता एक असून घरची शेती सोडून साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा. बघायला आलेली मंडळी चहा पिताना नाथाजीनं सहज विचारलंही, "घरची एवढी हळद सोडून साखरंत कसं काय?" त्यावर मुलाची आई हरणाबाई चटकन म्हणाल्या, "त्याला गोडाची आवड हाय." आणि विषय तिथंच बशीत ओतून पिऊन टाकला गेला.

हळद सोसत नाही म्हणजे किती, हे राजनंदिनीच्या सातव्या वर्षी कळलं होतं. मावसबहिणीच्या लग्नात कुणीतरी कौतुकानं तिच्या गालांना हळद फासली, आणि पोरगी चार दिवस टोमॅटोसारखी लाल होऊन, डोळ्यांच्या फटींतून जग बघत बसली. पाहुण्यांना वाटलं, पोरीला ऊन लागलं. तेव्हापासून घरात तिची आमटी वेगळी. अंघोळीला साबणसुद्धा कुठला चालतो हे आधी बघावं लागे. टिकलीच्या डिंकानंही कपाळावर चंद्र उमटायचा.

"सांगून टाकू त्यास्नी," बयाबाई म्हणाली. "उगं पोरीच्या जिवाला घोर नको."

"आक्का, हळदवाल्याच्या घरात जाऊन हळद चालत न्हाई म्हणायचं?" नाथाजी म्हणाला. "ते मोडतील की गं. तू काळजी सोड. लग्नाच्या दिवशी पोरीच्या तोंडावर एक चट्टा उठला, तर मामा म्हणून माझं नाव सांगू नको."

हा शब्द नाथाजीनं बाजेवर आडवं पडून, डोळे अर्धे मिटून दिला होता. त्याचे बहुतेक शब्द त्याच अवस्थेत दिलेले असत. वीस वर्षं मिलिटरीच्या स्टोअरमध्ये काढून हवालदार म्हणून तो घरी आला, तो एक स्वप्न घेऊन. पुण्याच्या कँटीनमध्ये त्यानं 'हर्बल' लिहिलेल्या बाटल्यांवर बायकांची झुंबड बघितली होती. टीव्हीवरही तेव्हा दर दोन बातम्यांमागे एक बाई झाडाझुडपांतून चालत यायची आणि तिचा चेहरा उजळत जायचा. गेली तीन वर्षं घरामागच्या पाच गुंठ्यांत नाथाजीनं कोरफडीच्या रांगा धरल्या होत्या. दुपारी त्या रांगांशेजारी बाज टाकून पडलं, की त्याला ती बाटली दिसायची. निळसर काच. वर चिठ्ठी: 'राजकांती'. चिठ्ठीवर तळ्याकाठी बसलेली बाई, तिच्या मांडीवर मान टाकलेलं हरीण. तळ्यातल्या पाण्याला बारीक लाटा यायच्या, हरीण कान हलवायचं, आणि मग शालूबाई हाक मारायची, "आवं, म्हशीला पाणी दावा."

तरी नाथाजी आळशी असेल, अविचारी नव्हता. भाचीसाठी लेप करायचा म्हणून तो मुद्दाम साताऱ्याला जाऊन कातडीच्या डॉक्टरांना भेटून आला. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सारून त्याला नीट समजावलं.

"झाडाचं आहे म्हणजे निर्धोक आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? विषसुद्धा झाडाचंच असतं. नाजूक कातडीला काहीही नवीन लावायचं असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावायचा. दोन दिवस तिथं पाणी लागू द्यायचं नाही. काही उठलं नाही, तर पुढं जायचं."

नाथाजीनं ते मिलिटरीच्या जुन्या डायरीत लिहून घेतलं. डॉक्टर पुढंही काही बोलले. पण तेवढ्यात खिडकीतून उन्हाचा एक कवडसा टेबलावरच्या औषधाच्या बाटलीवर पडला. काच निळसर होती. नाथाजीला तळं दिसलं, हरीण दिसलं, आणि डॉक्टरांचं शेवटचं वाक्य त्या तळ्यात बुडालं.

लेप मात्र त्यानं मन लावून केला. कोरफडीचं पान कापायचं, बुडखा खाली करून ते तासभर उभं ठेवायचं, पिवळा चीक मातीत निथळू द्यायचा; मग आतला पांढरा गर काढून तीन पाण्यांनी धुवायचा, त्यात गाईच्या दुधाची साय आणि उगाळलेलं चंदन. लोण्यासारखा पांढराशुभ्र लेप झाला. पहिला ठिपका त्यानं स्वतःच्या कोपरात लावला, दुसरा बायकोच्या.

"लगीन पोरीचं आन् ठिपके माझ्या अंगावर," शालूबाई म्हणाली. "म्हशीला बी लावा एक. तीबी घरातलीच हाय."

तिसरा ठिपका राजनंदिनीच्या कोपरात. वर हातरुमाल बांधला. दोन दिवसांनी चौघं ओसरीवर गोल बसली आणि नाथाजीनं गाठ सोडली. आत ठिपक्याएवढी जागा होती तशीच होती, उलट जरा मऊ झाली होती. बयाबाईनं लेकीच्या कोपरावरून बोट फिरवलं आणि डोळ्यांना पदर लावला. नाथाजीला पत्र्याची शेड दिसली, तिच्यावर पाटी दिसली, पाटीखाली थांबलेला ट्रक दिसला.

बेत साधा होता. रीत अशी की हळद आधी नवऱ्या मुलाला लागते आणि त्याची उरलेली, उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे येते. ती दारात मामानं घ्यायची, देवघरात न्यायची, तिथं वाटी बदलायची आणि सांगलीच्या हळदीच्या जागी रहिमतपूरचा लेप बाहेर आणायचा. देवाच्या डोळ्यांदेखत होणार होतं, पण देव घरचाच होता.

लग्न मे महिन्यातलं. गोरज मुहूर्त. सासरची मंडळी आदल्या दिवशीच ट्रकनं येऊन शाळेत उतरली. लग्नाच्या सकाळी अंगणात चौरंग मांडला, सवाशिणी जमल्या, आणि लांबून वाजंत्र्यांचा आवाज यायला लागला, तेव्हा बयाबाईनं देवघरात डोकावून लेपाची वाटी उघडली.

"नाथा," ती हळूच म्हणाली, "ही हळद पांढरी हाय की रं."

वर्षभर चौघांनी एवढा विचार केला होता. लेप निर्धोक पाहिजे, थंड पाहिजे, वास बरा पाहिजे. हळद पिवळी असते, एवढंच चौघांच्याही ध्यानातून गेलं होतं.

"पीठ-बीठ टाक काय तरी," बयाबाई रडकुंडीला आली. "वाजंत्री आली वेशीपातूर."

नाथाजी परसात धावला. आयुष्यात तो पहिल्यांदाच कोरफडीकडे धावत गेला असेल. चार पानं कापली, आणि कापताच बुडख्यातून जर्द पिवळे थेंब टपटपायला लागले. रोज मातीत सोडून द्यायचा तो चीक. सकाळच्या तिरप्या उन्हात थेंब सोन्यासारखे चमकत होते. नाथाजी क्षणभर बघतच राहिला. निसर्गानं पानातच रंग ठेवलाय आणि आपण तीन वर्षं मातीला पाजतोय! त्यानं वाटी धरली, चीक गोळा केला, थोडा पांढरा लेप बाजूला काढून ठेवला आणि उरलेल्यात चीक कालवला. लेप असा पिवळा झाला, की सांगलीच्या बाजारात सौद्याला लावावा.

शालूबाई दारात उभी होती. "आवं, ह्याचा ठिपका कुठं लावला हुता?"

"अगं, एकाच पानातलं हाय ते. एका आईची दोन लेकरं."

"एका आईची दोन लेकरं म्हंजे तुमी आन् आक्का," शालूबाई म्हणाली. "एक झोपतंय, एक रडतंय."

पण तोवर वाजंत्री दारात आली होती.

हरणाबाई स्वतः वाटी घेऊन आल्या होत्या. पितळेची वाटी, वर खणाचं झाकण. नाथाजीनं दोन्ही हात पुढं केले. हरणाबाईंनी वाटी त्याच्या हातात दिली, पण सोडेनात. दोघं वाटी धरून उंबऱ्यावर उभे राहिले.

"इहीणबाई, देवापुढं ठिऊन आणतो."

"आणा की. पर जरा बेतानं लावा. थोडीच हाय."

एवढी हळदीची मालकीण आणि वाटीभर हळदीत जीव अडकलाय, नाथाजीच्या मनात आलं. शेवटी वाटी सुटली. देवघरात अदलाबदल झाली. शालूबाईनं पहिलं बोट राजनंदिनीच्या कपाळाला लावलं, मग गालांना, मग हनुवटीला. सवाशिणी गात होत्या. राजनंदिनी डोळे मिटून बसली होती. हळदीला न भिता ती आयुष्यात पहिल्यांदा बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर झोपेतल्या लेकरासारखी शांती होती. नाथाजी खांबाला टेकला. खांब तळ्याकाठचं झाड झाला. हरणानं मान उचलून त्याच्याकडे बघितलं.

"मामी," राजनंदिनी पुटपुटली, "चुणचुणतंय."

"थंड असतंय म्हणून वाटत असंल," नाथाजी तळ्याकाठून म्हणाला.

अर्ध्या तासानं तळंही नव्हतं आणि हरीणही. आतल्या खोलीत राजनंदिनीचं तोंड तीनदा गार पाण्यानं धुऊन झालं होतं. कपाळ लाल, गाल लाल, हनुवटी लाल. कानांच्या पाळ्या तर पेटल्यासारख्या. जिथं जिथं शालूबाईचं बोट गेलं होतं, तिथं तिथं चट्टा उठला होता. बोटांचा हिशेब पुरा चुकता. बयाबाई कोपऱ्यात बसून भिंतीकडे बघत राहिली. ती भांडली असती, तर नाथाजीला बरं वाटलं असतं.

"आक्का..."

"मामा म्हणून नाव सांगू नको म्हणाला हुतास," बयाबाई भिंतीला म्हणाली. "मग काय सांगू आता? शेजारी हाय म्हणू?"

राजनंदिनी ओल्या फडक्याआडून म्हणाली, "आई, मामाला बोलू नको. त्यानं माझ्यासाठीच केलं." हे ऐकून नाथाजीला जास्तच लागलं.

शालूबाई देवघरातली खरी वाटी बादलीत ओतायला म्हणून घेऊन निघाली होती. उंबऱ्यात ती थांबली. वाटी नाकाशी नेली. मग बोट बुडवून जिभेला लावलं.

"आवं," ती म्हणाली, "हे बेसन हाय."

"काय?"

"बेसन. साय. आन् झेंडूच्या पाकळ्या वाटून घातल्यात. हळद नावाला न्हाई ह्यात. जन्म गेला माझा चुलीपुढं, मला शिकवू नका."

नाथाजीच्या अंगात एकदम हवालदार संचारला. "म्हंजे फसवणूक! सहा एकर हळद घरात, आन् आमच्या पोरीला बेसन?"

"आपण काय लावलं पोरीला?" शालूबाईनं विचारलं. हवालदार पुन्हा बाजेवर जाऊन पडला.

तेवढ्यात अंगणातून हाक आली आणि पाठोपाठ हरणाबाईच आत आल्या. हातात शालू होता, नवरीला दाखवायला आणलेला. बयाबाईनं घाईनं लेकीच्या तोंडावर पदर ओढला, पण ओल्या फडक्यासकट तो खाली सरकला. हरणाबाईंनी बघितलं. शालू मांडीवर घेऊन त्या मटकन खाली बसल्या.

"माझ्याच हातानं झालं हे," त्या म्हणाल्या.

कुणालाच काही कळेना.

"हळद न्हवती ती," हरणाबाई खालच्या आवाजात सांगायला लागल्या. "आमच्या शंभूला हळद सोसत न्हाई. जल्मल्यापास्नं. ढिगाजवळनं गेला तरी अंगभर पित्त उठतंय. घरात हळद शिजायला लागली, की त्यो मावशीकडं. म्हणून तर कारखान्यात घातला. हळदवाल्याच्या पोराला हळद सोसत न्हाई म्हणून चारचौघांत सांगू कसं? मग बेसनात झेंडू वाटला. त्याला मानवला. म्हटलं, तिलाबी मानवंल. पोरीला इचारलं न्हाई मी. झेंडूनंच केलं असणार हे सगळं."

बयाबाईनं नजर नाथाजीकडे वळवली. शालूबाईनंही. नाथाजीनं मात्र कुणाकडेच बघितलं नाही. इतका सोपा रस्ता त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसण्यात तो तरबेज होता. त्यानं डोळे अर्धे मिटले. निळी बाटली पुन्हा अखंड झाली. चिठ्ठी सरळ झाली. तळं आलं, हरीण आलं, बाई आली. बाईनं हळूच तोंड वर केलं, तर कपाळ लाल, गाल लाल, कानांच्या पाळ्या पेटलेल्या.

नाथाजीनं डोळे उघडले.

"इहीणबाई, झेंडूला बोल लावू नका," तो म्हणाला. "तुमची वाटी आत भरलेली हाय. पोरीला लावलं ते माझं. कोरफडीचा लेप. तिलाबी हळद सोसत न्हाई, म्हणून वाटी बदलली मी. आन् पिवळा दिसावा म्हणून त्यात चीक घातला."

"निथळायच्या आधीचा? पिवळा?"

"व्हय."

"आवं, आमी बैलाच्या खांद्याला कोरफड लावतो, तरी त्यो चीक आधी निथळून घेतो. बैल लाथ मारतोय. ही बिचारी लाथबी मारंना तुमास्नी."

बोलता बोलता हरणाबाई थांबल्या. नाथाजीचं आधीचं वाक्य त्यांच्यापर्यंत आत्ता पोचलं होतं. "हिलाबी सोसत न्हाई?"

बयाबाईनं मान हलवली. हरणाबाई राजनंदिनीकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडावर घेतला, आणि पदराआडून त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत असं वाटून बयाबाई पुढं सरकली, तर त्या हसत होत्या. "सहा एकर!" एवढंच त्या मधूनमधून म्हणत होत्या. "सहा एकर, आन् खाणार कोण!"

पुढचं सगळं हरणाबाईंनीच हातात घेतलं. दर थोड्या वेळानं गार पाण्याची पट्टी, बाकी तोंडाला काही म्हणजे काही लावायचं नाही. उष्टी हळद लागायची राहिलीच होती, ती त्यांनी रीतीपुरती राजनंदिनीच्या पायाच्या अंगठ्याला लावली, तीही नखाला. "नखाला पित्त उठत न्हाई," त्या म्हणाल्या. शंभूराजला सांगायचं ते पूजा झाल्यावर निवांत सांगू, असं दोघी विहिणींनी ठरवलं. म्हणजे गुपित आता दोन्ही घरच्या मोठ्यांना आणि फडक्याआडून ऐकणाऱ्या नवरीलाही ठाऊक झालं. ज्याला ठाऊक असायला हवं, तो नवरा मुलगाच तेवढा राहिला.

संध्याकाळपर्यंत चट्टे बसले. उरली ती नुसती लाली, गालभर पसरलेली, मावळतीच्या उन्हात अशी दिसणारी, की मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरीच्या तोंडावर तेज काय आलंय! मामानं झाडपाल्याचा लेप केलाय म्हणे. बघता बघता नाथाजीभोवती बायकांचा घोळका जमला. पुण्याच्या कँटीनमध्ये बघितलेली झुंबड अखेर रहिमतपूरला त्याच्या दारात आली होती.

"मामा, आमालाबी द्या की जरा. झाडपाल्याचं हाय म्हंजे अपाय तरी कसला?"

"विषबी झाडाचंच असतंय," नाथाजी म्हणाला. "आन् हे तेज न्हवं, चूक हाय माझी. पांढरा लेप हाय, त्यो देतो. पर आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावायचा, दोन दिवस पाणी लागू द्यायचं न्हाई, मग..."

"दोन दिवस?" एक बाई म्हणाली. "आमचा ट्रक आज रात्रीच हाय."

घोळका आला तसा जेवणाच्या पंगतीकडे गेला. जाताना एक म्हातारी हळहळली, "करायला येतंय, पर इकायला येत न्हाई बिचाऱ्याला."

नाथाजी भाचीमागे जाऊन उभा राहिला. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता कुणीतरी हौसेनं हळदीत रंगवल्या होत्या. बहुतेक सासरच्यांनी, मोफत होती म्हणून. पहिली मूठ आली आणि राजनंदिनीनं मान खांद्यात ओढून घेतली. अंतरपाटाच्या वरून नाथाजीला पलीकडचं दिसत होतं. पलीकडे शंभूराजनंही मान खांद्यात ओढली होती. मूठ आली की इकडचं डोकं खाली, तिकडचं डोकं खाली. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघं एकमेकांसमोर कासवांसारखी उभी होती, आणि एकमेकांकडे बघत होती. मांडवावर पिवळा पाऊस पडत होता. वाजंत्री कुठंतरी लांब, तळ्यापलीकडे वाजल्यासारखी वाटत होती. नाथाजीचे डोळे या वेळी टक्क उघडे होते.

जेवणं उरकली, तेव्हा शंभूराज पाया पडायला आला. वाकला, पण उठताना जवळच रेंगाळला. फेट्याखाली त्याची मान लालभडक झाली होती.

"मामा," तो आजूबाजूला बघत कुजबुजला, "त्या बायका कसला लेप म्हणत हुत्या? पांढरा? थंड असतोय का? आईला सांगू नका, पर मला हळद..."

"शर्टाची बाही वर सारा," नाथाजी म्हणाला.

आत जाऊन त्यानं सकाळी बाजूला काढून ठेवलेला पांढरा लेप आणला. जावयाच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटानं एक ठिपका लावला. "दोन दिवस पाणी लागू द्यायचं न्हाई. परवा बघायला येतो."

"परवा आमच्याकडं पूजा हाय."

"मग पूजेला येतो."

नाथाजी वाटीवर झाकण ठेवणार, तोच हिरव्या बांगड्या किणकिणल्या. चुडा वर सरकवून राजनंदिनीनं आपलं कोपर नवऱ्याच्या कोपराशेजारी आणून ठेवलं होतं. तिला तो ठिपका आधीच मानवलेला होता, परीक्षेचं काही कारण नव्हतं. शंभूराज त्या कोपराकडे बघत राहिला, मग तिच्या लाल गालांकडे, मग अंगणात सांडलेल्या पिवळ्या अक्षतांकडे.

"तुलाबी?" त्यानं विचारलं.

राजनंदिनीनं मान हलवली. नाथाजीनं दुसरा ठिपका लावला आणि दोघांसाठी दोन हातरुमाल शोधायला आत गेला.